एकदा तपासलं, मग पुन्हा काऊन? : मार्क ओझे यांच्या विमानतळावर एक कनेक्टिंग प्रवासी

पेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच अडचण सांगतात. पुस्तक वाचून सारांश लिहिता येतो, पण 'क्रिटिकल रिव्ह्यू लिहा' म्हटलं की हात थांबतो. एवढ्या मोठ्या विद्वानाला आपण काय बोलणार? आणि बोललोच तर 'लेखकाने अमुक मुद्दा घेतलेला नाही' एवढंच सुचतं. तो मुद्दा त्यानं का घ्यायला हवा होता, हे काही सांगता येत नाही.

आज मी तुम्हाला त्याचे नियम सांगत नाही. एका पुस्तकाशी माझं भांडण झालं, ते सांगते. त्या भांडणात मी अर्धी हरले आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

पुस्तक आहे मार्क ओझे यांचं 'नॉन-प्लेसेस'. मूळ फ्रेंच १९९२ चं, इंग्रजी भाषांतर १९९५ चं. पुस्तक बारीक आहे, दोन संध्याकाळी पुरतात. (लेखकाचं आडनाव मराठीत लिहिलं की 'ओझे' होतं आणि वाचताना सुरुवातीला ते तसंच वाटतं, त्याला इलाज नाही.) ओझे हे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ, २०२३ मध्ये वारले. पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट आणि टोगोमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं फिल्डवर्क केलं. मग नजर स्वतःच्या समाजाकडे वळवली आणि पॅरिसच्या मेट्रोवर लिहिलं, महामार्गांवर लिहिलं, विमानतळांवर लिहिलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मानववंशशास्त्रात ज्याला 'स्थळ' म्हणतात त्यात तीन गोष्टी असतात: ओळख, नाती आणि इतिहास. गाव घ्या. गावात तुम्ही कोणाचे कोण हे सगळ्यांना माहीत असतं, आणि गावाला स्वतःची आठवण असते. याउलट विमानतळ, सुपरमार्केट, महामार्ग, हॉटेलांच्या साखळ्या या जागा तशा नसतात. तिथं माणूस कोणाचा कोणी नसतो. प्रवासी, गिऱ्हाईक किंवा वाहनचालक असतो. तिथं त्याच्याशी माणसं कमी बोलतात, पाट्या जास्त बोलतात. अशा जागांना ओझे 'नॉन-प्लेस' म्हणतात. मी मराठीत 'अ-स्थळ' लिहिते. आमच्या पिपरी मेघेत 'स्थळ' म्हटलं की लोकांना आधी लग्नाचं स्थळच आठवतं, आणि गंमत म्हणजे ते ओझेंच्या व्याख्येत चपखल बसतं. गाव कोणतं, नात्यात कोण, मागच्या पिढ्या काय करत होत्या: ओळख, नाती, इतिहास. स्थळ बघायला आलेले पाहुणे ओझे न वाचता हेच तीन प्रश्न विचारतात.

या पुस्तकाच्या सुरुवातीला एक माणूस भेटतो. त्याचं नाव पिएर द्युपाँ. फ्रेंचमध्ये हे अगदी सर्वसाधारण नाव, आपल्याकडे 'राम पाटील' म्हणावं तसं. हा माणूस एटीएममधून पैसे काढतो, गाडी काढतो, महामार्गाने पॅरिसच्या रुआसी विमानतळावर जातो, गाडी पार्क करतो, सामान देऊन मोकळा होतो, तपासणीतून पार होतो, दुकानांत फिरतो आणि विमानात बसतो. कुठं अडत नाही. सामान गेलं, कागद दाखवून झाले, आता थोडा वेळ आपण कोणाचे काही लागत नाही, याचं त्याला सुखच वाटतं. पुढे ओझे यातून एक फार चांगलं निरीक्षण काढतात. अ-स्थळात माणूस निनावी होतो खरा, पण आधी नाव सिद्ध केल्यावरच. दारात निर्दोष असल्याचा पुरावा द्यायचा आणि मग आत निनावीपणाची मजा घ्यायची.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलं. तिसऱ्या वेळी समासात प्रश्नचिन्ह टाकलं. मधल्या काळात मी एकदा विमानप्रवास केला होता.

परिषद युरोपात होती. पिपरी मेघेहून नागपूरला टॅक्सी, सोनेगावच्या विमानतळावरून मुंबई, मुंबईहून युरोपातलं एक मोठं विमानतळ आणि तिथून छोट्या विमानाने परिषदेचं गाव. पहिली तपासणी नागपूरला. लॅपटॉप ट्रेमध्ये, बेल्ट, घड्याळ, मोबाईल, पडद्याआड अंगझडती, आणि सोबतच्या गोरसपाकाच्या पुड्यावर एक संशयी नजर. (वर्ध्याहून कुठंही जायचं तर गोरसपाक नेल्याशिवाय घरचे सोडत नाहीत.) दुसरी मुंबईला, इमिग्रेशननंतर. तिथून घरी फोन केला तर आई म्हणाली, "बसली का विमानात?"

"नाही अजून. तपासणीतून आत्ता बाहेर आले."

"काऊन वं? नागपूरले पाह्यलं होतं ना सारं? एकदा पाह्यलं तं पुन्हा काऊन पाह्यते?"

मी हसून फोन ठेवला. तिसरी तपासणी युरोपात झाली. विमानातून उतरून बाहेर कुठंही न जाता, काचेच्या बोळातून थेट रांगेत. मुंबईच्या तपासणीनंतर घेतलेली पाण्याची बाटली तिथं टोपलीत गेली. गोरसपाकाचा पुडा उघडला, भुगा सांडला, कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली. दोन लाईनपैकी एकच चालू होती. तासाभराने बाहेर आले तर पुढच्या विमानाचं दार बंद झालेलं. संध्याकाळच्या विमानाने पोचले तोवर माझं सत्र संपलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेत चार जणांना उभ्या-उभ्या पेपर सांगितला. वर्षभराचं काम होतं ते, आणि विद्यापीठाच्या प्रवास अनुदानाचे पैसे पुन्हा मिळणार नव्हते.

त्या रात्री हॉटेलात बसून मी आईचा प्रश्न वहीत लिहिला. खाली लिहिलं: पिएर द्युपाँची कनेक्टिंग फ्लाईट का नाही?

इथून पुढचा भाग तुमच्या कामाचा.

कुठलाही सिद्धांत वाचताना पहिल्या दहा-पंधरा पानांत उदाहरणातला माणूस कोण आहे ते बघा. तो कुठून कुठं चाललाय, त्याच्या खिशात कोणता पासपोर्ट आहे, त्याचं सामान कोण उचलतंय. लेखक त्याला 'सर्वसाधारण' म्हणून आणतो, आणि पुढे त्याच्या अंगाचं माप घेऊन सिद्धांत शिवतो. द्युपाँ एकदाच तपासला जातो, म्हणून ओझेंच्या अ-स्थळाला एकच दार आहे. मी तीनदा तपासले गेले. म्हणजे माझ्या अ-स्थळाच्या आत आणखी दारं होती.

इथवर ठीक आहे. पण मी इथं थांबले नाही. परत आल्यावर रागाच्या भरात तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा लिहिला. त्याचा गाभा असा होता: ओझे म्हणतात अ-स्थळात सगळे सारखे होतात, प्रत्यक्षात तिथं शरीरं निवडली जातात, गोऱ्या प्रवाशाला एकदा तपासतात, सावळ्याला पुन्हा पुन्हा. त्यावर डेव्हिड लायन यांच्या पाळतीवरच्या लेखनाचा आधार दिला, पीटर एडी यांचा विमानतळावरच्या वर्गवारीबद्दलचा २००४ चा लेख जोडला, आणि खूश होऊन गाईडला पाठवला.

मॅडमनी बोलावलं. मसुदा टेबलावर होता, त्यावर एकही लाल खूण नव्हती. हे फार वाईट लक्षण असतं, अनुभव येईल तुम्हाला.

"तुझ्या विमानात जर्मन लोक होते का?"

"होते की. पुष्कळ."

"ते कुठल्या रांगेत होते?"

मी आठवलं. माझ्या पुढे एक उंच गोरे गृहस्थ होते, सुती कुर्ता घातलेले, कुठल्याशा आश्रमातून परत चालले होते. त्यांनाही बूट काढावे लागले. त्यांच्याही पाण्याची बाटली गेली. आमच्या विमानातून पुढे जाणारे सगळेच त्या रांगेत होते.

"मग तुझं प्रकरण कोसळलं," मॅडम म्हणाल्या. "किंवा दुसरं काहीतरी आहे, जे तू बघितलंच नाहीस."

मला खूप लागलं ते. अपमान माझा होता, अनुभव माझा होता, आणि कोणीतरी मला सांगत होतं की त्याचा अर्थ मला कळलेला नाही. पण मॅडमचं बरोबर होतं. तपासणीच्या वेळी कोणाला बाजूला घेतात, कोणाला जास्त प्रश्न विचारतात, यात भेदभाव असतो. त्यावर भक्कम संशोधन आहे आणि मी ते नाकारत नाही. पण माझं उदाहरण त्याचं नव्हतं. माझ्या उदाहरणात माणसं निवडली गेली नव्हती. अख्खं विमान निवडलं गेलं होतं.

मग मी सिद्धांत बाजूला ठेवून नियम वाचायला घेतले. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून आपण टाळतो. मी दोन वर्षं टाळलं होतं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिच्या शिकागो कराराला जोडलेलं सतरावं परिशिष्ट सुरक्षेबद्दल आहे. ते १९७४ मध्ये स्वीकारलं गेलं. त्यात कनेक्टिंग प्रवाशांबद्दल जी तरतूद आहे तिचा आशय असा: अशा प्रवाशांना आणि त्यांच्या हातातल्या सामानाला पुढच्या विमानात बसण्याआधी तपासा. याला अपवाद एकच. मूळ विमानतळावर योग्य दर्जाची तपासणी झाली आहे आणि त्यानंतर मध्ये कोणी ढवळाढवळ केलेली नाही, याची खात्री करणारी पद्धत दोन देशांनी मिळून उभी केली असेल, तर पुन्हा तपासायची गरज नाही. या अपवादाला 'वन-स्टॉप सिक्युरिटी' म्हणतात.

बघा, नियम काय सांगतो. पुन्हा तपासणं हा नियम आहे आणि न तपासणं हा अपवाद. आईचा प्रश्न उलटा करायला हवा होता. 'पुन्हा का तपासतात' हा प्रश्न नाहीच. 'काहींना पुन्हा का तपासत नाहीत' हा आहे.

त्याचं उत्तर यादीत आहे. युरोपीय संघाच्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना मध्ये विमान बदललं तर साधारणपणे पुन्हा तपासणी नसते. संघाबाहेरच्या काही देशांची तपासणीही संघाने आपल्या बरोबरीची म्हणून मान्य केली आहे: अमेरिका, कॅनडा, सिंगापूर वगैरे. त्यात उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरचं वागार विमानतळसुद्धा आहे. मी प्रवास केला तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. त्यामुळे त्या सुती कुर्त्यातल्या जर्मन माणसाचा पासपोर्ट मायदेशाचा असूनही त्याच्या अंगावरची तपासणी 'मुंबईची' होती, आणि ती तिथं चालत नव्हती. तोच माणूस सिंगापूरहून आला असता तर कदाचित सरळ पुढच्या दाराशी गेला असता. यंत्र त्याच्याकडे बघत नव्हतं, तो कुठल्या विमानातून उतरला याकडे बघत होतं.

आता गोष्ट पुरी झाली असं वाटलं. देशांचा देशांवर विश्वास नाही, म्हणून पुन्हा तपासणी. पण मॅडमचा आवाज डोक्यात बसला होता, म्हणून स्वतःलाच विचारलं: मग मुंबईत का तपासलं? नागपूरला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान, मुंबईला त्याच दलाचे जवान. नियम एकाच संस्थेचे, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे. सरकारचा स्वतःवरच विश्वास नाही?

याचं उत्तर इमारतीत आहे. तपासलेले आणि न तपासलेले लोक एकमेकांत मिसळले की तपासणीचा उपयोग संपतो, एवढं साधं आहे ते. देशांतर्गत विमानातून उतरलेला माणूस एका बाजूला, आंतरराष्ट्रीय विमानात बसणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये इमिग्रेशन. या दोन बाजूंना जोडणारा पूर्ण बंदिस्त रस्ता नसेल, तर मधल्या जागेत कोण कोणाला काय देईल याची हमी नाही. अमेरिकेत याचं टोक दिसतं. परदेशातून आलेल्या बहुतेकांना पहिल्याच विमानतळावर आपली बॅग घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं, बॅग पुन्हा द्यावी लागते आणि मग सगळ्यांबरोबर सुरक्षेच्या रांगेत उभं राहावं लागतं. बॅग हातात आली म्हणजे तिच्यातलं काहीही खिशात येऊ शकतं, म्हणून. २०२५ मध्ये लंडनच्या हीथ्रोहून डॅलसला येणाऱ्या काही प्रवाशांसाठी ही पायरी वगळण्याचा प्रयोग सुरू झाला. पहिली वेळ कोणाची आली ते लक्षात घ्या.

तर कारणं दोन निघाली: मान्यता आणि इमारत. दोन्हींचा परिणाम रांगेत सारखाच दिसतो, ट्रे तोच, बेल्ट काढणं तेच. म्हणून अनुभवावरून कारण ओळखता येत नाही. माझी चूक नेमकी तिथं झाली होती.

आणि अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल मला थोडी लाज वाटते. मसुद्यात मी पुनर्तपासणीला 'निरर्थक कर्मकांड' म्हटलं होतं. ब्रूस श्नायर यांनी २००३ च्या 'बियाँड फिअर' या पुस्तकातून 'सिक्युरिटी थिएटर' हा शब्द रूढ केला. खऱ्या सुरक्षेपेक्षा सुरक्षेचा देखावा जास्त, असं त्यांचं म्हणणं. विमानतळावर वैतागलेल्या प्रत्येकाला हा शब्द आवडतो. मलाही आवडला होता. मग मी कनिष्कचा इतिहास वाचला.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात नष्ट झालं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग त्या विमानात टोरंटोला आली होती, आणि टोरंटोला ती आली होती व्हँकुव्हरहून, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. ज्याच्या नावावर बॅग होती तो माणूस विमानात बसलाच नव्हता. टोरंटोला सामान तपासायचं एक्स-रे यंत्र त्या दिवशी बंद पडलं होतं, मग हातातल्या उपकरणावर भागवलं. त्याच दिवशी व्हँकुव्हरहून टोकियोमार्गे एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात जायला निघालेली दुसरी बॅग नारिता विमानतळावर फुटली, सामान हलवणारे दोन कामगार मेले. तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान पडलं आणि २७० जण गेले. न्यायालयाने मान्य केलेल्या घटनाक्रमानुसार ती बॅगही कनेक्टिंगच होती: माल्टाहून फ्रँकफर्ट, फ्रँकफर्टहून लंडन.

म्हणजे विमान बदलण्याची जागा हीच ती फट होती. पहिल्यानं तपासलं असेल असं दुसऱ्यानं धरून चाललं, आणि माणसं मेली. भारतात सुरक्षा ब्युरो १९७८ मध्ये एक कक्ष म्हणून सुरू झाला होता, १९७६ च्या विमान अपहरणानंतर. त्याला स्वतंत्र खात्याचं रूप मिळालं १ एप्रिल १९८७ ला, कनिष्कनंतर. मी ज्याला कर्मकांड म्हणत होते त्याच्या मागे ३२९ माणसं उभी होती, आणि त्यांत बरीचशी भारतीय वंशाची कुटुंबं होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली.

कोणी म्हणेल, त्या बॅगा विमानाच्या पोटातल्या होत्या, तू हातातल्या सामानाबद्दल बोलतेस. बरोबर आहे, दोन्हींचे नियम वेगळे आहेत. पण दुसऱ्याची तपासणी आपली मानायची की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. श्नायर यांचा शब्द इथं कमी पडतो. सगळंच नाटक असेल तर काही प्रेक्षकांना दुसऱ्या अंकाला बसायची सक्ती नाही आणि काहींना आहे, असं का? देखावा म्हणून सोडून दिलं की हा प्रश्नच विचारता येत नाही.

मग ओझेंचं काय उरलं? माझ्या मते बरंच उरलं, फक्त ते म्हणतात त्या ठिकाणी नाही.

निर्दोषपणा सिद्ध करावा लागतो हे त्यांचं म्हणणं पक्कं आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की या निर्दोषपणाला मुदत असते आणि चलनासारखी हद्दही असते. नागपूरला मिळालेला निर्दोषपणा मुंबईपर्यंत चालतो, मुंबईचा युरोपच्या काचेच्या बोळापर्यंत. काही देशांचा निर्दोषपणा डॉलरसारखा सगळीकडे वटतो, आपला प्रत्येक ठिकाणी बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलण्यात वेळ जातो. माझा एक तास गेला, आणि त्या तासात माझं सत्र. द्युपाँला हे दिसण्याचं कारणच नव्हतं. ओझेंचं विमानतळ आतून सपाट आहे. माझ्या विमानतळाच्या फरशीवर देशांच्या सीमा आखलेल्या आहेत. तिथं इतिहास नाही असं ते म्हणतात, पण पुनर्तपासणीच्या रांगेत १९८५ आहे, १९८८ आहे. रांगेत उभ्या माणसाला तो माहीत नसतो एवढंच.

निष्पक्ष राहायचं तर हेही सांगायला हवं की ओझे स्वतः स्थळ आणि अ-स्थळ ही दोन शुद्ध टोकं कुठंच सापडत नाहीत असं म्हणतात. एक पूर्ण पुसलं जात नाही, दुसरं पूर्ण बनत नाही. पुष्कळ टीकाकार हे वाक्य न वाचताच त्यांच्यावर तुटून पडतात. तुम्ही तसं करू नका, व्हायवाला कोणीतरी ते पान काढून दाखवतं. माझी तक्रार वेगळी आहे. ते वाक्य त्यांनी लिहिलं, पण उदाहरणावर त्याचा परिणाम होऊ दिला नाही. टिम क्रेसवेल यांच्या 'ऑन द मूव्ह' (२००६) मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर एक प्रकरण आहे. त्यांनी तिथं काम करणारे, तिथंच मुक्काम ठोकणारे लोक बघितले, आणि विमानतळ लगेच वेगळं दिसायला लागलं. दोन्ही एकापाठोपाठ एक वाचा, आधी ओझे.

एकाकीपणाबद्दलही माझं थोडं वेगळं मत आहे. अ-स्थळात माणूस एकटा असतो, म्हणे. त्या तिसऱ्या रांगेत माझ्यामागे एक आजी होत्या, अमरावतीकडच्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या. हातातल्या पाटल्या लग्नापासून निघालेल्या नाहीत. यंत्र वाजलं. तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हतं, आजींना इंग्रजी. मी मागे फिरून सांगितलं की या निघत नाहीत, हात जाड झालेत. मग मला पुन्हा रांगेत यावं लागलं, आणि पुढच्या दोघांनी न विचारता मला पुढे जाऊ दिलं. तो कुर्तावालाही त्यात होता. 'तुमची फ्लाईट किती वाजता' हा प्रश्न त्या रांगेत सगळे एकमेकांना विचारत होते. ज्याची वेळ जवळ त्याला पुढे ढकलत होते. अर्ध्या तासाचं का होईना, नातं होतं ते. आजींनी जाताना माझं गाव विचारलं. पिपरी मेघे म्हटल्यावर म्हणाल्या, "सावंगीच्या दवाखान्याजवळ ना?" दोन मिनिटांत त्यांची भाची वर्ध्यात दिली आहे इथवर आलो. काचेच्या बोळात, युरोपात. स्थळ असं कुठंही उगवतं.

पण या प्रसंगावर मी प्रकरण उभं करणार नाही. तो एकच आहे आणि गोड आहे, आणि गोड पुराव्यापासून सावध राहायला मी आता शिकले आहे.

तिसऱ्या प्रकरणाचा नवा मसुदा मागच्या महिन्यात मॅडमना दिला. यावेळी लाल खुणा भरपूर आल्या, त्यामुळे जीव भांड्यात पडला. शेवटच्या पानावर मात्र एक ओळ होती: 'तपासणारी बाई कुठे आहे?'

पूर्ण प्रकरणात नियम आहेत, प्रवासी आहेत, इमारत आहे. पण दिवसभर अनोळखी बायकांच्या अंगावरून हात फिरवत उभी राहणारी, पाटल्या निघत नाहीत हे न सांगता ओळखणारी किंवा न ओळखणारी ती बाई कुठंच नाही. द्युपाँला ती दिसली नव्हती म्हणून मी ओझेंवर पाच पानं लिहिली होती, आणि मलाही ती दिसली नव्हती.

मुलाखतींच्या परवानगीसाठी अर्ज केलाय. अजून उत्तर आलेलं नाही.